कालव्याचे पाणी आणि मोहेंजोदडोच्या भिंती

सिंधमधील लारकाना जिल्ह्यात, सिंधू नदीच्या उजव्या तीरावर मोहेंजोदडोचे अवशेष आहेत. १९११-१२ साली देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी तेथील टेकाडांची पाहणी केली, तेव्हा विटांची घडण त्यांना इतकी अर्वाचीन वाटली, की ही वस्ती फार तर दोनशे वर्षांपूर्वीची असावी, असे मत त्यांनी नोंदविले. राखालदास बॅनर्जी यांच्या १९२२ मधील उत्खननापासून या मताचा पाया ढासळला. एवढ्या जाणत्या पंडिताची फसगत व्हावी, यात त्या भाजलेल्या विटांचा गौरवच आहे. सुमारे साडेचार हजार वर्षे त्या टिकल्या. उघड्या पडल्यानंतर मात्र शंभर वर्षांच्या आतच त्यांतील कित्येकींचा भुगा होऊ लागला.

या प्रदेशात वर्षाकाठी सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. शेती सारी सिंधूच्या पाण्यावर. १९३२ साली सक्करचा बंधारा सुरू झाला, कालव्यांना पाणी आले आणि उजव्या तीरावर भाताची शेते पसरली. या पाण्याने लाखो माणसांना अन्न दिले, हे नाकारता येणार नाही. परंतु जमीन जवळजवळ सपाट असल्याने पाण्याला वाहून जाण्यास उतार नाही, आणि कालव्यांबरोबर निचऱ्याचे चर पुरेसे खणले गेले नाहीत. कालव्यांतून व भातखाचरांतून झिरपणारे पाणी खाली साचत गेले आणि भूजलाची पातळी वर चढली.

मातीत मुळात असलेले क्षार या पाण्यात विरघळतात. केशाकर्षणाने पाणी वर येते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. शेतावर पांढरा थर दिसू लागतो. बी रुजत नाही. सिंधमध्ये अशा जमिनीला ‘कल्लर’ म्हणतात. आपल्याकडील शेतकरी तिला खारपड म्हणून ओळखतो.

भिंतीत हीच क्रिया घडते. घरांच्या भिंतींना लागणारा लोणा सर्वांच्या परिचयाचा आहे. येथे त्यात सोडियम सल्फेटचा अंश मोठा आहे. हवा थंड व दमट झाली, की हा क्षार पाणी शोषून घेतो आणि त्याचे आकारमान तिपटीहून अधिक वाढते. ऊन तापले, की तो पुन्हा कोरडा पडतो. विटेच्या सूक्ष्म छिद्रांत हा खेळ वारंवार चालतो आणि वीट आतून फुटते.

शेताला निदान उपाय आहे: चर खणावेत, भरपूर पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढावेत. भिंत अशी धुता येत नाही. पाणी हेच तिच्या दुखण्याचे कारण. शिवाय शेजारचा शेतकरी क्षार धुण्यासाठी जे पाणी सोडतो, त्याला निचऱ्याची वाट नसेल तर ते भिंतींच्या पायाखालीच येते.

१९७४ साली युनेस्कोने मोहेंजोदडोच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय मोहीम आरंभिली, आणि १९८० साली या स्थळाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. अवशेषांभोवती कूपनलिका खोदून भूजल उपसण्यात आले; पण पंप चालतात तोवरच पातळी खाली राहते. भिंतींवर क्षारविरहित मातीचा लेप देतात. क्षार विटेऐवजी लेपात उतरतात. लेप खराब झाला, की काढून नवा द्यावा लागतो. ऑगस्ट २०२२ च्या अतिवृष्टीने मात्र लेपाचीच नव्हे, काही भिंतींचीही हानी केली.

नगराचा बराचसा भाग अद्याप खणलेलाच नाही. १९५० साली मॉर्टिमर व्हीलर यांनी पंप लावून खोलवरच्या थरांपर्यंत जाण्याचा प्रयत्न केला, परंतु भूजलामुळे त्यांना तळ गाठता आला नाही. नगराची पहिली वस्ती त्या पाण्याखालीच आहे.