उर्नेस येथील काष्ठचर्च : एका वास्तूच्या कालनिर्णयाचा प्रश्न

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राच्या अरुंद व खोल खाड्या डोंगररांगांमधून फार आतपर्यंत गेलेल्या आहेत. या खाड्यांना तेथे फिओर्ड म्हणतात. त्यांपैकी सर्वांत लांब अशा सोग्नेफिओर्डची लांबी सुमारे २०० किलोमीटर आहे. तिच्या लुस्ट्राफिओर्ड या शाखेच्या पूर्व तीरावर, सोल्व्होर्न गावाच्या समोरील भूशिरावर, उर्नेसचे लाकडी चर्च उभे आहे. आकाराने ते लहान असून बाहेरून पाहणाऱ्यास त्याची भव्यता जाणवत नाही. तथापि या प्रकारच्या विद्यमान चर्चांमध्ये ते सर्वसाधारणपणे सर्वांत प्राचीन मानले जाते. ‘हे चर्च केव्हा बांधले गेले?’ असा साधा प्रश्न विचारला असता मात्र त्याचे उत्तर एका सनाने देता येत नाही. याचे कारण वास्तूच्या घडणीतच आहे.

हे चर्च ‘स्टाव्ह’ पद्धतीचे आहे. स्टाव्ह म्हणजे उभा खांब. ओंडके एकावर एक आडवे रचून भिंत करण्याची रीत उत्तर युरोपात सर्वपरिचित आहे. या पद्धतीत त्याउलट चार कोपऱ्यांवर जाड खांब उभे करून त्यांच्यामधील भिंत उभ्या फळ्यांची करतात. फळ्यांची टोके खालच्या व वरच्या तुळयांच्या खोबणींत बसविलेली असतात. पाइनच्या झाडाचा राळयुक्त गाभा हे त्याचे मुख्य द्रव्य, आणि त्यावर वेळोवेळी चढविलेला पाइनच्याच डांबराचा लेप हे त्याचे कवच होय. मध्ययुगात नॉर्वेत अशी चर्चे हजाराच्या आसपास, किंबहुना त्याहूनही अधिक असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज त्यांपैकी केवळ २८ शिल्लक आहेत.

लाकडी वास्तूचा खरा शत्रू आगीइतकाच जमिनीतील ओलावाही असतो. प्रारंभीच्या काळी खांब थेट जमिनीत पुरले जात. त्यामुळे त्यांचे बुंधे कुजत आणि काही पिढ्यांत वास्तू निकामी होई. पुढे दगडी पायावर आडव्या तुळया ठेवून त्यांवर खांब उभे करण्याची युक्ती रूढ झाली आणि लाकडाचा मातीशी असलेला संबंध तुटला. उर्नेस येथे १९५६-५७ मध्ये झालेल्या उत्खननात विद्यमान चर्चच्या खाली जमिनीत पुरलेल्या खांबांचे खड्डे आढळले. याचा अर्थ, आजच्या चर्चपूर्वी त्याच जागी किमान एक, कदाचित त्याहून अधिक चर्चे होऊन गेली होती.

पूर्वीच्या चर्चची साक्ष जमिनीखाली आहे, तशी ती भिंतीतही आहे. उत्तरेकडील भिंतीतील द्वारचौकट व दोन फळ्या, वेदीकक्षाचा एक कोनस्तंभ आणि छपराखालील पूर्व व पश्चिम त्रिकोणी भिंतींच्या फळ्या या एका आधीच्या चर्चमधून काढून येथे पुन्हा बसविलेल्या आहेत. द्वारचौकटीवरील कोरीवकाम उठावदार असून त्यात एक चतुष्पाद प्राणी व त्याला वेढणारे, परस्परांत गुंतलेले कृश सर्पाकार प्राणी दिसतात. व्हायकिंग कलेच्या अखेरच्या शैलीला ‘उर्नेस शैली’ हे नाव या कोरीवकामावरूनच मिळाले. चतुष्पाद प्राणी म्हणजे दुष्ट शक्तींशी झुंजणारा ख्रिस्ती परंपरेतील सिंह होय, असे काही अभ्यासक मानतात. इतरांना त्यात जुन्या नॉर्स पुराणकथांतील विश्वप्रलयाचे सूचन दिसते. ही चौकट मूळ चर्चच्या पश्चिमेकडील मुख्य द्वाराची असावी, असेही मत मांडण्यात आले आहे.

या सर्व भागांचा काल पूर्वी केवळ शैलीवरून ठरवावा लागे. पुढे वृक्षवलयांच्या अभ्यासाने अधिक निश्चित आधार दिला. अनुकूल वर्षी झाडाचे वलय रुंद होते व प्रतिकूल वर्षी अरुंद. या रुंद-अरुंद वलयांचा क्रम त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवून पाहिला, आणि सालीलगतचे वलय शाबूत असले, तर झाड कोणत्या वर्षी तोडले हे सांगता येते. या पद्धतीने द्वारचौकटीचे लाकूड १०६९-७० च्या हिवाळ्यातील ठरले, तर विद्यमान चर्चची उभारणी ११३१-३२ च्या सुमारास झाल्याचे दिसून आले. म्हणजे आधीचे चर्च जेमतेम साठ वर्षे उभे होते. त्याची गच्छंती केवळ कुजण्यामुळे झाली असे म्हणणे पुरेसे ठरत नाही. नव्या चर्चच्या अंतर्भागातील गोल खांब, अर्धवर्तुळाकार कमानी व कोरीव घनाकृती स्तंभशीर्षे ही दगडी रोमनेस्क वास्तूंची लाकडातील अनुकृती आहे. अभिरुची पालटली होती, हे त्यावरून स्पष्ट होते. तरीही बांधणाऱ्यांनी जुने कोरीवकाम टाकून दिले नाही. त्यांनी ते नव्या भिंतीत सन्मानाने बसविले.

बाराव्या शतकानंतरही हे चर्च बदलत राहिले. १५३६-३७ मध्ये नॉर्वेत ल्यूथरपंथी धर्मसुधारणा आली, आणि उपासनेत प्रवचनाला प्राधान्य मिळाले. सतराव्या शतकाच्या आरंभी वेदीकक्ष वाढविण्यात आला. तेथील भित्तिचित्रे १६०१ मधील आहेत. त्याच शतकाच्या अखेरीस उपदेशपीठ आले आणि १६९९ मध्ये वेदीमागील चित्रफलक उभा राहिला. पूर्वीच्या अंधाऱ्या अंतर्भागात उजेड यावा म्हणून खिडक्या पाडण्यात आल्या. असे असूनही मध्ययुगीन क्रूस-शिल्पसमूह आणि फ्रान्समधील लिमोज येथील मिनाकारीचे दीपदान हे कॅथलिक काळातील अवशेष येथे टिकून राहिले. नव्या पंथाच्या ग्रामस्थांनी चर्च आपल्या गरजेनुसार बदलले, परंतु ते निष्कारण रिते केले नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र या वास्तुप्रकारावर मोठे संकट आले. १८५१ च्या कायद्याने चर्चमध्ये पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या कक्षेतील वस्त्यांच्या, लोकसंख्येपैकी किमान तीन-दशांश लोक मावले पाहिजेत असे ठरविले. लोकसंख्या वाढत होती; मध्ययुगीन चर्चे लहान होती. परिणामी अनेक ठिकाणी जुने चर्च पाडून नवे बांधण्यात आले. याच सुमारास त्यांचे मोल ओळखणारेही पुढे आले होते. चित्रकार योहान क्रिस्टियान डाल यांनी १८३७ मध्ये नॉर्वेतील प्राचीन काष्ठवास्तूंवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८४४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. १८८१ मध्ये उर्नेसचे पॅरिश-चर्च म्हणून असलेले नियमित कार्य संपले, आणि त्याच वर्षी ते या संस्थेच्या ताब्यात आले.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. साडेसात शतके ग्रामस्थांच्या वापराने व डागडुजीने चर्च टिकविले. परंतु अखेरीस ते वाचले ते नित्य वापरातून निवृत्त झाल्यामुळे. वापर व जतन ही एकाच हेतूची दोन नावे नव्हेत. वापरणारा माणूस कुजलेली फळी बदलतो. जतन करणारा ती शक्य तितकी राखतो, कारण तीच पुरावा असते. १९७९ मध्ये युनेस्कोने उर्नेसचा समावेश जागतिक वारशाच्या सूचीत केला. २००१ ते २०१५ या काळात नॉर्वेच्या शासकीय वारसा-विभागाने सर्व २८ स्टाव्ह-चर्चांच्या दुरुस्तीची योजना राबविली. उर्नेस येथे त्या काळात खचलेला पाया सावरण्यात आला. जुने लाकूड शक्यतो न हलविता केवळ निकामी भागच बदलावा, हे अशा कामाचे सूत्र असते.

तेव्हा उर्नेसच्या चर्चचा काल कोणता? द्वारचौकट १०७० ची, सांगाडा ११३१-३२ चा, वेदीकक्षाचा विस्तार सतराव्या शतकाच्या आरंभीचा, आणि पायाची बळकटी एकविसाव्या शतकातील. यांपैकी एकाच सनाला ‘खरा’ म्हणून बाकीचे घडून गेलेले अपघात मानले, तर वास्तूचा इतिहास हाती लागत नाही. वास्तूच्या उभारणीचा सन ही तिच्या इतिहासाची केवळ पहिली नोंद असते. १९५६-५७ च्या उत्खननाने व पुढे वृक्षवलयांनी जी माहिती दिली, ती मिळू शकली याचे कारण आधीच्या पिढ्यांनी जुन्याचा काही अंश नव्यात राहू दिला होता. जीर्णोद्धाराच्या भरात तो अंश नाहीसा झाला असता, तर उर्नेसचे अकरावे शतक कोणत्याही साधनाने पुन्हा वाचता आले नसते.