स्की निवडावी शेवटच्या उतारासाठी

शर्यतीची स्की घ्यायला इन्सब्रुकच्या दुकानात गेलं, की कारागीर आधी वजनकाटा पुढे ओढतो. माहितीपत्रकात छापलेलं वजन तो वाचतही नाही. एक स्की काट्यावर आडवी ठेवतो, आकडा स्थिरावेपर्यंत थांबतो, पेन्सिलीने कागदावर उतरवतो आणि मग जोडीतली दुसरी उचलतो. दोघींत दहा-पंधरा ग्रॅमचा फरक निघणं नेहमीचंच. गाभ्याचं लाकूड आणि थरांमध्ये मुरलेली राळ प्रत्येक स्कीत थोडी कमीजास्त असते. शिवाय माहितीपत्रकातलं वजन बहुतेकदा एकाच लांबीच्या स्कीचं असतं, आणि आपल्याला हवी असते दुसरीच लांबी.

इन्सब्रुक ज्या ऑस्ट्रियन प्रांतात आहे त्या टिरोलमध्ये मी राहायला आल्यापासून ही पारख जवळून पाहत आलो आहे आणि हौशी शर्यतींत उतरतही आलो आहे. काट्यावरचा आकडा महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. पण चांगला कारागीर तिथे थांबत नाही. त्याची खरी परीक्षा काटा बाजूला सारल्यावर सुरू होते.

स्की माउंटेनिअरिंग म्हणजे स्की पायात घालूनच डोंगर चढायचा आणि स्कीवरूनच उतरायचा. इथे पाळणा नाही, लिफ्ट नाही. शर्यतीत हे चक्र पुन्हापुन्हा चालतं. मधे खडी भिंत आली तर स्कीज काढून पाठीवरच्या पिशवीला अडकवायच्या आणि बुटांनी बर्फात पायऱ्या पाडत वर जायचं. 2026च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. इटलीतल्या बोर्मिओला त्याच्या स्प्रिंट आणि मिश्र रिले या शर्यती झाल्या. स्प्रिंट सुमारे 3 मिनिटांत संपते. दुसऱ्या टोकाला फ्रान्समधली पिएरा मेंता आहे, सलग 4 दिवसांची, जोडीने धावायची. आणि स्वित्झर्लंडमध्ये झेरमॅटहून व्हर्बिएपर्यंत जाणारी पत्रुई दे ग्लासिए आहे. ती स्विस सैन्याने 1943 साली सुरू केली. तिथे हिमनदीवरचा काही भाग तिघांनी एकमेकांना दोराने बांधून पार करायचा असतो.

स्कीवर चढ चढता येतो तो स्किनमुळे. अंगोरा बकरीच्या केसांची, म्हणजे मोहेरची ही अरुंद पट्टी स्कीच्या तळाला चिकटते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी ती पुढच्या दिशेने सरकते आणि मागच्या दिशेने अडते. शर्यतीच्या स्कीच्या टोकाला एक खाच असते. स्किनचं लवचीक टोक त्या खाचेत अडकतं. शिखरावर पोहोचलं की खेळाडू वाकतो, पुढचं टोक धरतो आणि एका हिसक्यात स्किन ओढून छातीशी कोंबतो. स्की पायातून निघतच नाही. हलक्या स्कीला ही खाच नसेल, तर वजनात वाचवलेला वेळ इथेच जातो.

खेळाचे नियम वजनाला खालून बांध घालतात. आंतरराष्ट्रीय स्की माउंटेनिअरिंग महासंघाच्या नियमांप्रमाणे पुरुषांची स्की किमान 160 सेंटिमीटर आणि स्त्रियांची किमान 150 सेंटिमीटर लांब हवी. रुंदी पुढे 80, बुटाखाली 60 आणि मागे 70 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. कडेची धातूची धार लांबीच्या किमान 90 टक्के भागावर हवी. एक स्की आणि तिचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा जोड, यांचं मिळून वजन पुरुषांसाठी किमान 750 ग्रॅम आणि स्त्रियांसाठी 700 ग्रॅम. हे नियम नीट वाचले की बाजारातल्या स्कीज एकमेकींसारख्या का दिसतात ते कळतं. बहुतेक कंपन्यांची शर्यतीची स्की 160 ते 165 सेंटिमीटरची, बुटाखाली 65 मिलिमीटरच्या आसपास आणि 700 ग्रॅमच्या आगेमागे असते. भटकंतीच्या स्कीचं वजन सहज याच्या दुप्पट भरतं. वरच्या दर्जाच्या दोन स्कीजमध्ये उरतो तो वीस-तीस ग्रॅमचा फरक. मग निवडायचं ते ग्रॅम कुठे खर्च झालेत ते पाहून.

आधी चढाचा हिशेब मांडू. खेळाडू, कपडे, बूट, स्कीज, पिशवी असं सगळं मिळून 75 किलो धरलं आणि दोन्ही स्कीजमध्ये मिळून 200 ग्रॅम वाचवले, तर उंचीवर न्यायचं ओझं पाव टक्क्याहून किंचित जास्त घटतं. तासाभराच्या चढात हे जेमतेम 10 सेकंद. पण पायाला बांधलेलं वजन नुसतं वर जात नाही. दर पावलाला ते थांबतं आणि दर पावलाला त्याला पुन्हा पुढे ढकलावं लागतं. शिवाय वळणावर किक टर्न मारताना अख्खी स्की हवेत उचलून फिरवायची असते. मांडीच्या पुढच्या स्नायूंना हे ओझं पाठीवरच्या ओझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतं. म्हणून पायातले 100 ग्रॅम वाचवायला खेळाडू जितके पैसे मोजतो, तितके पिशवीतल्या 100 ग्रॅमसाठी कधी मोजणार नाही. यात वेडेपणा काही नाही.

आता उतार. सकाळच्या थंडीत कालच्या रहदारीने उखणलेला बर्फ गोठून दगडासारखा होतो. त्यावर जड स्की छोटे उंचवटे दाबत, कापत जाते. हलकी स्की प्रत्येक उंचवट्यावर उसळते. वस्तुमान कमी असल्यामुळे प्रत्येक धक्का तिला जागेवरून हलवतो आणि ती थरथर तळव्यातून गुडघ्यापर्यंत येते. ही थरथर कितपत विरते ते गाभ्यावर ठरतं. पॉलोनियासारख्या हलक्या लाकडाचा गाभा थोडा जड असतो, पण तो कंप शोषतो आणि स्क्रूही घट्ट धरतो. अरामिडच्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीचा गाभा अतिशय हलका असतो. बोर्मिओचीच स्की ट्राब ही कंपनी अशा गाभ्याच्या स्कीजसाठी ओळखली जाते. त्यावर कार्बनचे थर चढवून कडकपणा आणतात आणि बाइंडिंग बसतं तिथे वेगळा मजबूत थर घालावा लागतो.

कारागीर हा कडकपणा दोन तऱ्हांनी तपासतो. स्कीची शेपटी जमिनीला टेकवून, टोक एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने मधोमध दाबतो आणि वाक कसा पसरतो ते पाहतो. पुढचा भाग मऊ, बुटाखाली कणखर आणि शेपटी त्या दोन्हींच्या मधली असेल, तर थकलेल्या पायांना ती सोसते. शेपटी फार कडक असली, की मागे झुकलेल्या खेळाडूला ती पुढे फेकते आणि वळण हातचं जातं. मग तो टोक दोन्ही हातांत धरून पिळतो. ही दुसरी तपासणी नवशिक्याच्या लक्षातच येत नाही, पण बर्फाळ उतारावर सगळं तिच्यावरच उभं असतं. पिळाला न जुमानणारी स्कीच कड बर्फात रुतवून ठेवते. लांबीत थोडी मऊ आणि पिळाला कणखर, हा जुळून आलेला मेळ वीस ग्रॅमला कधीही भारी पडतो.

ज्या दुकानात चाचणीच्या स्कीज मिळतात, तिथून दोन जोड्या घेऊन डोंगर गाठावा. बूट तेच, स्किन त्याच, उतारही तोच. मी पहिला उतार ताज्या पायांनी कधीच धरत नाही, कारण ताज्या पायांना सगळ्याच स्कीज चांगल्या वाटतात. आधी दम लागेपर्यंत चढतो, न थांबता स्किन ओढतो, बूट लॉक करतो आणि लगेच उतरतो. मांड्या जळत असताना पाहायच्या गोष्टी मोजक्या. तिसऱ्या-चौथ्या वळणाला स्की मी म्हणतो तिथे येते का? आडव्या घसरणीत कड सुटते का? मऊ, जड बर्फात टोक वर राहतं की बुडतं? एकदा पडून उठायचं आणि स्की पुन्हा पायात अडकवायची, तर चढात कमावलेल्या दहा सेकंदांचं काहीच उरत नाही.

बूट तेच ठेवायचे यालाही कारण आहे. शर्यतीचा कार्बनचा बूट अर्ध्या किलोच्या आसपास असतो आणि चढताना घोट्याला मोकळं सोडतो. उतारावर मात्र तो जड बुटाइतका पुढून आधार देत नाही. अशा बुटाने कडक स्की वळवायला ताकद लागते. सडपातळ बांध्याच्या खेळाडूने जागतिक विजेत्याच्या पायातली स्की उचलली, तर तिचा कडकपणा त्याच्यावरच उलटतो.

निवड झाली की बाइंडिंग. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी पिनांत धरणारं हे बाइंडिंग टिरोलच्याच फ्रिट्झ बार्टेल यांनी 1984 साली आणलं. आज या खेळातली जवळपास सगळी बाइंडिंग त्याच कल्पनेवर चालतात. शर्यतीचं बाइंडिंग शंभर-दीडशे ग्रॅमचं असतं. त्याला टाच पुढेमागे सरकवायची पट्टी हवी असेल, तर थोडे ग्रॅम वाढतात. पट्टी नसेल, तर स्की एकाच मापाच्या बुटाला कायमची बांधली जाते. पण पट्टी असली की स्की मित्राला देता येते, पुढे विकता येते आणि बूट बदलले तरी नवीन भोकं पाडावी लागत नाहीत. हलक्या गाभ्यात पुन्हापुन्हा भोकं पाडणं म्हणजे स्कीचं आयुष्य कमी करणं. कारागीर ड्रिलला खोलीची खूण बांधतो, भोकात गोंद सोडतो आणि शेवटची पकड हाताने देतो. यंत्राच्या जोराने आटे निघून जातात, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं.

शर्यत कोणती, हे दुकानात पाऊल टाकण्याआधी ठरलेलं असावं. व्हर्टिकल शर्यत फक्त चढाची असते. उतार मोजलाच जात नाही. तिथे नियमात बसणारी सगळ्यात हलकी स्की घ्यावी. स्प्रिंटमध्ये उतार छोटा, पण चुकीला जागा नाही. तिथे झटकन वळणारी आखूड स्की उपयोगी. अनेक चढ-उतारांच्या वैयक्तिक शर्यतीत आणि लांब पल्ल्याच्या जोडीच्या शर्यतीत मात्र मी पन्नास ग्रॅम जास्त आनंदाने वाहतो, कारण तिथे शेवटचा उतार दमलेल्या माणसाच्या वाट्याला येतो.

गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमध्येही आता स्की माउंटेनिअरिंग आहे. सह्याद्रीत दमसास कमावून हिमालयात स्की शिकायला जाणारी मराठी मुलं या खेळाकडे वळतील, याची मला खात्री वाटते. चढाची ओढ त्यांच्यात आधीच आहे. त्यांना सांगण्यासारखं एवढंच. पैसा आधी पायाला नीट बसणाऱ्या बुटावर घाला. मग चांगल्या मोहेर स्किनवर, कारण चढात त्यांच्या सरकण्याने मिळतं ते पन्नास ग्रॅमने मिळत नाही. स्की शेवटी घ्या, जुनी मिळाली तर जुनी. पण बाइंडिंगखालची भोकं, कडा आणि तळ उजेडात धरून तपासा. आणि दोन स्कीजमध्ये मन अडकलं, तर दमल्यावरही जी तुमचं ऐकते ती घ्या. वजनाची उणीव सरावाने भरून काढता येते. उतारावर मनात बसलेली भीती मात्र पुढच्या प्रत्येक शर्यतीत सोबत येते, आणि तिचं ओझं कुठल्याही स्कीपेक्षा जड असतं.