कार्बनची काडी आणि माझे कान

सेकंड इयरला सबमिशनच्या आदल्या रात्री मी माझ्याच चष्म्यावर बसले. काचा वाचल्या, फ्रेम गेली. म्हटलं, आता अशी फ्रेम घ्यायची की पुन्हा मोडायचं नाव नको! विमानात वापरतात, रेसिंग कारमध्ये वापरतात, तेच घेऊ. दोन महिने कँटीन बंद केलं आणि कार्बन फायबरच्या काड्यांचा चष्मा आणला. पंधरा दिवसांत तो नाकावरून घसरून ड्रॉइंग शीटवर पडायला लागला. असं का झालं, त्याची ही गोष्ट.

आधी कार्बन फायबर म्हणजे काय ते बघू. पॉलिअॅक्रिलोनायट्राइल नावाच्या प्लॅस्टिकचे धागे आधी २०० ते ३०० अंश सेल्सिअसला हवेत भाजतात. मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवतात. बाकीचे अणू उडून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. पोळी करपते ना, तसंच, फक्त हिशेबाने करपवलेलं! एक धागा ५ ते ७ मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण दहावा हिस्सा. हे धागे इपॉक्सीत भिजवून, थरावर थर रचून, उष्णता आणि दाब देऊन पक्के केले की ताठ पत्रा तयार होतो. त्यातून काड्या कापतात.

गुण खरेच आहेत. स्टीलची घनता ८ च्या आसपास, टायटॅनियमची ४.५, याची फक्त १.६. गंजत नाही. निकेलची अॅलर्जी असेल त्यांनाही चालतं.

मग अडलं कुठे? माझ्या कानांपाशी! दोन्ही कान अगदी एका उंचीवर फार थोड्यांचे असतात. म्हणून चष्मेवाले काडी कानामागे वाकवून बसवून देतात. अॅसिटेटची काडी गरम केली की मऊ होते, धातूची पकडीने वाकते आणि तशीच राहते. माझी काडी हातात घेऊन काका म्हणाले, "बेटा, ही वाकणार नाही. जोर केला तर मोडेल."

हे मला माहीत असायला हवं होतं. धातूला यील्ड पॉइंट असतो, त्याच्यापुढे वाकवलं की तो नवा आकार धरतो. कार्बन फायबरचा ग्राफ जवळजवळ सरळ रेषेत वर जातो आणि एकदम तुटतो. इपॉक्सीही थर्मोसेट, तापवून नवा आकार घेत नाही. हाच ग्राफ मी पेपरात काढला होता, मार्कही मिळाले होते! त्यात माझा नंबर मोठा. सगळा भार पुढे काचांचा, मागे काड्या हलक्या आणि कानाला पकड नाही. घसरणारच.

तेव्हा घ्यायचाच असेल तर काडीचं टोक बघा. ते अॅसिटेटचं किंवा धातूचं असेल तर वाकवता येतं. बिजागरी टायटॅनियमची असली तर उत्तम. अॅल्युमिनियम कार्बनला चिकटून असेल आणि वर घाम आला, तर ते झिजायला लागतं. आणि चौकडी खरी की नुसती छापलेली, हे फ्रेम उजेडात तिरकी करून बघा. खऱ्या विणीची चमक कोनाप्रमाणे बदलते.

काकांनी माझ्या काड्यांना सिलिकॉनचे हूक अडकवून दिले. दिसतात भयंकर, पण चष्मा जागेवर आहे. फक्त झोपताना तो आता कपाटात ठेवते. बसले तर हाही मोडेलच!