राजीनामा लिहिण्याआधी सेवापुस्तक उघडा

शिक्षकखोलीत हल्ली एक वाक्य वारंवार कानावर येतं : "बास झालं आता, सोडूनच देते." म्हणणारी व्यक्ती बहुधा पंचेचाळीस-पन्नाशीतली, नोकरीला वीस-बावीस वर्षं झालेली. निवृत्ती ५८ व्या वर्षी, तोवर रेटायचं बळ नाही. अशा बाईंना किंवा सरांना घरचे, सहकारी आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून भरपूर सल्ले देतात. त्यांतले काही नुसतेच चुकीचे, काही भलतेच महागात पडणारे.

"एवढ्या सुट्ट्या असतात, थकायला होतं काय?"

हा सगळ्यांत जुना शेरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट'ची व्याख्या दिली, आणि तो आजार नाही, कामाशी निगडित अवस्था आहे असं स्पष्ट केलं. तिच्या तीन खुणा : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही ही भावना. कारण सांगितलंय ते कामाच्या ठिकाणी साचलेल्या, न आवरलेल्या ताणाचं. मे महिन्यात झोप भरून निघते, जूनमध्ये माहितीच्या तक्त्यांचा तोच ढीग समोर येतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये. पण 'निवडणूक' म्हटलं की मतदारयाद्यांचं कामही त्यात आलं, आणि ते घरोघर फिरून करायचं असतं. (सतत झोप उडणं, रडू येणं, जगणं नकोसं वाटणं ही गोष्ट मात्र वेगळी. तिथे आधी डॉक्टर, मग नोकरीचा विचार.)

"राजीनामा काय नि स्वेच्छानिवृत्ती काय, एकच."

इथे सगळ्यांत जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबून बघू. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांमधल्या, १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या शिक्षकांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू होतात. त्यांतला नियम ४६ म्हणतो की राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त. पेन्शनसाठी ती जणू झालीच नाही. नियम ६६ म्हणतो की २० वर्षांची अर्हताकारी सेवा झाली असेल, तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येतं, आणि पेन्शन मिळते. माणूस तोच, थकवा तोच, शेवटचा दिवसही तोच. अर्जाच्या विषयाच्या ओळीत कोणता शब्द लिहिला, एवढ्यावर पुढच्या तीस वर्षांचं उत्पन्न ठरतं. "माझी वीस वर्षं झाली होती, तेव्हा राजीनाम्यालाच निवृत्ती समजा," असा युक्तिवाद दिल्लीच्या वीजपुरवठ्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात पुढे आला होता. केंद्राच्या अशाच नियमाखालचं ते प्रकरण. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही.

म्हणून आधी सेवापुस्तक बघावं. विनाअनुदानित तुकडीवर काढलेली वर्षं, बिनपगारी रजा, दोन शाळांमधला खंड यामुळे घरी बोटांवर मोजलेली वीस वर्षं कागदावर सतरा-अठराच भरू शकतात. अशा वेळी आणखी दोन वर्षं काढणं जिवावर येईल, पण ती फुकट जात नाहीत. २००५ नंतर लागलेल्यांचा हिशेब निराळा. एनपीएसचं (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचं) खातं आपल्याच नावाचं असतं, पण मुदतीआधी बाहेर पडलं तर जमा रकमेचा मोठा हिस्सा वार्षिकीत गुंतवावा लागतो, हातात थोडीच येते.

"टीईटी काही होणार नाही, घालवण्याआधी आपणच जावं."

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या, पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होण्यास सांगितलं, आणि पन्नाशीतले शिक्षक पुन्हा बालमानसशास्त्राचे गाइड चाळू लागले. पण निकालातला पुढचा भाग फार कमी जणांनी वाचला. उत्तीर्ण न झाल्यास सक्तीची निवृत्ती, आणि आवश्यक सेवा झालेली असेल तर निवृत्तीचे लाभ द्यायचे. घाबरून राजीनामा देणारा हा हक्क स्वतःच्या हाताने सोडतो.

"खासगी शाळेत ग्रॅच्युइटी नसते."

असते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक ग्रॅच्युइटी कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत बसत नाहीत असं म्हटलं होतं, ते लोकांच्या डोक्यात बसलं. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून आत घेतलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पाच वर्षं सलग झाली असतील तर राजीनामा दिला तरी ती मिळते : दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार.

"शिक्षकाला दुसरं येतं काय? क्लास काढेल."

क्लास काढणं ही कारकीर्द बदलणं नव्हे. त्याच घाण्याला नवा बैल जुंपणं आहे. शिवाय नोकरीत असताना 'आधी क्लास जमवू, मग सोडू' हे चालत नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणीला मनाई करतं. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना तर सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये असं सांगतात.

येतं काय, हा प्रश्न मात्र बायोडेटामुळे उभा राहतो. शिक्षक लिहितात : 'अध्यापनाचा २२ वर्षांचा अनुभव'. समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही. याच माणसाने मतदान केंद्राध्यक्ष म्हणून अनोळखी चौघांना घेऊन रात्र गावात काढलेली असते, पहाटे प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतलेलं असतं, संध्याकाळी १७-सी नमुन्यात एकेका मताचा हिशेब जुळवून सह्या दिलेल्या असतात. पोषण आहाराच्या तांदळाचा साठा लेखापरीक्षणात उभा केलेला असतो, तापलेल्या पालकांना शांत करून परत पाठवलेलं असतं. संस्थेचं प्रशासन, प्रशिक्षण, संपादन, भाषांतर, सामाजिक संस्थेतलं क्षेत्रकार्य या सगळ्यांत हेच लागतं. ते त्या शब्दांत लिहावं लागतं, इतकंच.

"पन्नाशीत कोण विचारतं?"

यात तथ्य आहे, उगाच नाकारू नये. एमपीएससीची दारं वयाने बंद झालेली असतात, कंपन्याही तरुणच शोधतात. पण विधी अभ्यासक्रमाच्या राज्य सीईटीला कमाल वय नाही, आणि पंचेचाळिशीनंतर सनद न देण्याचा बार कौन्सिलचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच रद्द केला. फक्त वकिलीत पहिली काही वर्षं कमाई जेमतेम असते. बहुतेक नव्या वाटांचं हेच आहे, आणि त्या काळात घर चालवायला पेन्शन लागते. नियम ४६ आणि ६६ एवढा वेळ उगाळले ते त्यासाठीच.

राहता राहिली रजा. अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस जमते. वीस वर्षांत चारशे, वापरलेले दिवस वजा. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिची परिवर्तित रजा होते, म्हणजे निम्मे दिवस पण पूर्ण पगारी. मात्र माणूस कामावर परतेल असं दिसत असेल तरच ती मंजूर करायची असते. त्यामुळे निवृत्तीची नोटीस टेबलावर पडल्यानंतर ती मागणं अवघड. विचार करायला दोन-तीन महिने हवे असतील तर ती आधीच मागावी.