निळा प्रकाश आणि शस्त्रक्रियेची सीमारेषा

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड असो वा वऱ्हाडातील अन्य कोणतेही गाव, खर्रा आणि सुपारी यांचे तेथे कोणास नवल वाटत नाही. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. सवय मात्र सुटलेली नाही. तिची किंमत पुढे मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मोजावी लागते.

या शस्त्रक्रियेतील अवघड प्रश्न एकच : कापायचे कोठपर्यंत? शल्यविशारद गाठीभोवतीचा साधारण एक सेंटीमीटर निरोगी भागही काढतात. कमी काढले तर रोग उलटण्याचे भय. अधिक काढले तर बोलणे, चावणे, गिळणे यांवर घाला. रोगाची कड डोळ्यांना पूर्णपणे दिसत नाही.

येथे प्रतिदीप्तीचे तंत्र पुढे आले. निळ्या प्रकाशात तोंडाची निरोगी अंतस्त्वचा हिरवट चमकते, तर रोगट भाग काळसर दिसतो. कॅनडातील संशोधकांना 2006 मध्ये हा काळसरपणा दिसणाऱ्या गाठीपलीकडे काही ठिकाणी 25 मिलिमीटरपर्यंत पसरलेला आढळला. आरंभीचे निष्कर्ष आशादायक होते. तथापि 457 रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागणी करून केलेल्या चाचणीत, निळ्या प्रकाशाच्या आधारे कापल्याने रोग उलटण्याचे प्रमाण घटले नाही, असे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या दाहानेही ती चमक मंदावते, ही या तंत्राची एक मर्यादा होय. आता कर्करोगाच्या पेशींना चिकटणाऱ्या प्रतिपिंडास चमकणारा रंग जोडून तो शिरेवाटे देण्याचे प्रयोग चालू आहेत.

याउलट, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासास कोणतेही नवे यंत्र लागले नव्हते. आरंभीच्या अवस्थेत तोंडातील गाठीबरोबरच मानेतील लसिकाग्रंथी काढल्यास तीन वर्षांनंतर 80 टक्के रुग्ण हयात होते. ग्रंथी नंतर, रोग दिसल्यावर काढलेल्या गटात हे प्रमाण 67.5 टक्के होते.

म्हणून खेड्यातील कुटुंबाने नव्या यंत्राची वाट पाहत बसू नये. महिन्यातून एकदा आरशासमोर, भरपूर उजेडात तोंड उघडून गालांची आतील बाजू, जीभ आणि तिच्या कडा पाहाव्यात. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, अथवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत दिवस न दवडता छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय गाठावे. गाठ लहान असतानाच रुग्ण पोहोचला, तर कापण्याची सीमाही लहान राहते.