हापसा : वस्तूच्या रचनेचा एक धडा

औद्योगिक रचना म्हणजे वस्तूला सुबक आकार आणि डोळ्यांत भरणारा रंग देणे, अशी अनेकांची समजूत असते. आपल्या देशात या विषयाचे रीतसर शिक्षण 1961 मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आणि 1969 मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झाले. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुण रचनाकाराला पहिल्याच कामात काही साधे प्रश्न विचारावे लागतात. ही वस्तू कोण वापरणार? दिवसातून किती वेळा? बिघडली तर कोण दुरुस्त करणार, आणि कोणत्या हत्यारांनी? या प्रश्नांकडे दुर्लक्ष केले तर काय होते, हे आपल्याला गावातल्या हापशावरून शिकता येते.

1960 च्या दशकाच्या अखेरीस युनिसेफच्या मदतीने दुष्काळी भागांत कठीण खडकात कूपनलिका खोदण्याचे काम सुरू झाले. त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप युरोप-अमेरिकेतील शेतघरांच्या पंपांवरून बेतलेले होते. तेथे एका पंपावर एकच कुटुंब पाणी भरी. आपल्याकडे त्याच पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत साऱ्या गावाची रांग लागे. सांधे झिजत, दांडे मोडत. 1970 च्या दशकाच्या मध्यास झालेल्या पाहणीत सुमारे 75 टक्के पंप बंद आढळले. पंप बंद पडला की बायकामुलींची लांबच्या विहिरीवरची पायपीट पुन्हा सुरू होई आणि गावाच्या पोटात पुन्हा गढूळ पाणी जाई.

यावरचा उपाय महाराष्ट्रातच आकाराला येऊ लागला होता. जालना आणि सोलापूर येथे पंपांची देखभाल करणाऱ्या मंडळींनी अनुभवातून पोलादी पंप तयार केले होते. सोलापूर पंपाच्या आधारे युनिसेफ, मद्रासची 'मेराडो' ही संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क 2' हा पंप विकसित केला. कोइमतूर भागातील गावांत त्याच्या चाचण्या झाल्या. त्याच्या रचनेवर कोणाचे एकस्व नव्हते. त्यामुळे अनेक कारखाने ठरलेल्या मापांत तो बनवू लागले.

त्यातील मुख्य युक्ती पाहू. दांड्याचे टोक वर्तुळाच्या कंसात फिरते, पण दट्ट्याची कांब मात्र सरळ वर-खाली जायला हवी. दोन्ही खिळीने थेट जोडले तर कांब बाजूला ओढली जाते आणि सांधा झिजतो. म्हणून दांड्याच्या टोकाला वर्तुळखंडाच्या आकाराचा भाग जोडून त्यावर साखळी बसवली. साखळी नेहमी स्पर्शरेषेच्या दिशेने लोंबते, त्यामुळे कांब सरळ उभी ओढली जाते. साखळीला ढकलता येत नाही. कांब स्वतःच्या वजनानेच खाली येते. दांडा एकाच आसावर, बॉल बेअरिंगवर फिरतो.

आता श्रमाचा हिशेब करू. पंपाच्या नळकांड्याचा आतला व्यास 63.5 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 31.7 चौरस सेंटिमीटर. पाणी 25 मीटर खोल असेल तर दट्ट्यावर सुमारे 79 किलोग्रॅम पाण्याचा भार येतो. वरचा नळ बारीक असला तरी भार तेवढाच असतो. का, ते विद्यार्थ्यांनी दाबाच्या नियमावरून शोधावे. दांड्याचा लांब हात आखूड हाताच्या सुमारे 8 पट असतो. म्हणजे घर्षण सोडल्यास 10 किलोग्रॅमचा जोर पुरतो. कांबेचे वजन बऱ्याच अंशी दांड्याचे स्वतःचे वजनच तोलून धरते. बारा वर्षांच्या मुलीला हापसता येईल, असा हा जोर आहे. पण भूजल उपसून पातळी 40 मीटरवर गेली की तोच जोर सुमारे 16 किलोग्रॅम होतो. पाणीच राहिले नाही, तर उत्तम पंपही निरुपयोगी.

या रचनेत दुरुस्ती करणाऱ्याचा विचार मात्र अपुरा राहिला होता. दट्ट्याचे वायसर झिजले की मार्क 2 चा सगळा लोखंडी नळ उपसून काढावा लागे. त्यासाठी तिकाटणे, गाडी आणि बाहेरचे पथक हवे. पथक येईपर्यंत गावाने काय करायचे? म्हणून 1980 च्या दशकात 'मार्क 3' आला. त्याचा नळ 65 मिलिमीटरचा असल्याने दट्ट्या नळातूनच वर काढता येतो. गावातला शिकवलेला माणूस थोड्या हत्यारांनी वायसर बदलू शकतो. कातड्याऐवजी नायट्राइल रबराची वायसरे आली, तीही जास्त टिकली. अर्थात जाड नळ महाग आणि जड असतो. तो काढायची वेळ आलीच तर काम अधिक अवघड होते. सोय एकीकडे वाढवली की दुसरीकडे किंमत मोजावी लागते. ती कोण मोजणार, हेही रचनाकाराने आधीच पाहायचे असते.

शिक्षकांना या विषयावर एक चांगला उपक्रम घेता येईल. विद्यार्थ्यांना जवळच्या हापशावर न्या. दांड्याचे दोन्ही हात मोजू द्या. कळशी किती हापशांत भरते ते मोजू द्या. मार्क 2 मध्ये 40 हापशांत सुमारे 15 लिटर पाणी यायला हवे. पाणी भरणाऱ्या बायांना काय अडचणी येतात ते विचारू द्या. हापसा शेवटचा कधी बिघडला आणि किती दिवसांनी दुरुस्त झाला, याचीही नोंद करायला सांगा.