खिळ्यांच्या गलक्यात चांदीचा सूर
१८८१ च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर ग्रॅहम बेल व्हाइट हाउसमध्ये टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून उभे होते. समोर पलंगावर राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड. त्यांच्या अंगात अडकलेली गोळी डॉक्टरांना सापडत नव्हती. तारेची वेटोळी अंगावरून फिरवायची आणि धातू जवळ आला की रिसीव्हरमध्ये आवाज उठेल, अशी बेल यांची युक्ती होती. आवाज उठला, पण नेमक्या एका जागी नाही, चांगला ऐसपैस पसरलेला. गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती, हे नंतर कळलं. शिवाय डॉक्टरांनी शोधू दिलं ते फक्त उजव्या बाजूला, आणि गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

बेल यांच्या यंत्राला ऐकू येत होतं, पण नको ते. आज इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी माणसाची सगळी झटापट याच गोष्टीशी चाललेली असते. तिथली माती दोन हजार वर्षांच्या वस्तीने भरलेली आहे. रोमन खिळे, घोड्यांचे नाल, ट्रॅक्टरचे नटबोल्ट आणि त्यांच्यात कुठेतरी नखाएवढं चांदीचं नाणं. यंत्र या सगळ्यांशी बोलतं. प्रश्न एवढाच, की त्यातलं नाणं आपल्याला ऐकू कसं यावं?

कॉइलमधून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला की त्यात विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात, आणि ते भोवरे स्वतःचं क्षीण क्षेत्र परत पाठवतात. खरी गंमत पुढे आहे. हे उत्तर किंचित उशिरा येतं आणि उशीर धातूगणिक बदलतो. जाड चांदीत भोवरे लवकर विरत नाहीत, म्हणून तिचं उत्तर रेंगाळतं. पातळ पत्र्याचं लगेच येतं. मायक्रोसेकंदांत मोजायचा हा फरक यंत्र पकडतं आणि त्याचा सूर करून कानात सोडतं. बहुतेक यंत्रांत खालचा घोगरा आवाज लोखंडाचा आणि वरचा स्वच्छ आवाज चांदीचा. न पाहिलेली, हातभर मातीखालची वस्तू आपली जात आवाजातून सांगते, याचं माझं नवल कधीच सरत नाही.

हे उत्तर किती बारीक असतं? खोली दुप्पट झाली की लहान वस्तूचा प्रतिसाद साधारण चौसष्टाव्या भागावर येतो, कारण क्षेत्र खाली जातानाही झपाट्याने विरतं आणि वर येतानाही. म्हणून नवखा माणूस पहिलं काम करतो ते सेन्सिटिव्हिटी शेवटापर्यंत वाढवण्याचं. मग विजेच्या तारा, शेजारच्या माणसाचं यंत्र, खुद्द माती, सगळेच कानात कलकलाट करतात आणि खोलवरचा नाजूक सूर त्यात बुडून जातो. यंत्र शांत होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवायची आणि तिथेच थांबायचं. आकडा कमी दिसतो, पण ऐकू जास्त येतं.

मातीची बडबड थांबवायला ग्राउंड बॅलन्स असतो. स्वच्छ जागा पाहून कॉइल जमिनीजवळ वरखाली हलवायची आणि मातीचा आवाज सपाट होईपर्यंत जुळवत जायचं. मातीतल्या लोहखनिजाच्या उत्तराची ठेवण बऱ्यापैकी ठरलेली असते, म्हणून ती ओळखून बाजूला काढता येते. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत बेसॉल्टमधून आलेलं चुंबकीय खनिज भरपूर असतं आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू आहे. अशा ठिकाणी हा बॅलन्स चुकला तर यंत्र गुणगुणतच राहणार. (आपल्याकडे हौसेने खणायला जाणाऱ्याने १८७८ चा निखात निधी कायदा आधी वाचावा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.)

पण सगळ्यात मोठा मोह डिस्क्रिमिनेशनचा. बटण दाबलं की लोखंड गप्प. पातळ पत्रा, कॅनच्या चाव्या, तेही गप्प. किती सुखाचं! मात्र त्यांच्यासोबत आणखी काय गप्प झालं? सोन्याची बारीक अंगठी आणि कॅनची चावी यांचा सूर पुष्कळदा एकच असतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सुट्या पैशांसाठी चांदीची पेनी कापून अर्धी, पाव करत. पाव पेनीचा तो इवलासा तुकडा चांदीचा असूनही पत्र्याच्या सुरात बोलतो, कारण धातूइतकाच आकार आणि जाडीही सूर ठरवतात. शिवाय नाण्याशेजारी खिळा असला तर खिळ्याला गप्प करताना यंत्र नाणंही गिळून बसतं. म्हणून मुरलेले लोक लोखंडाला तोंड बंद करायला लावत नाहीत, त्याचा आवाज फक्त हळू करतात. खिळे मागे पुटपुटत राहतात आणि त्यांच्यामधून एखादा तुटक, वरचा ‘टिंग’ निसटून बाहेर येतो. मला विचाराल तर सगळ्या सेटिंगांत ही एक सगळ्यात मोलाची.

अशा खिळ्यांच्या रानात रिकव्हरी स्पीडही वाढवावा लागतो. एक आवाज संपवून यंत्र पुढच्यासाठी किती लवकर मोकळं होतं, ते यावर ठरतं. वेग वाढला की खिळा आणि नाणं वेगळे ऐकू येतात, थोडी खोली मात्र गमवावी लागते. ज्या यंत्रांत थ्रेशोल्ड असतो त्यांत मागे एक मंद गुंजन अखंड चालू ठेवता येतं. तानपुऱ्यासारखं ते एकदा कानात बसलं, की त्यातला जरासा हिसकाही जाणवतो. खूप खोलवरच्या वस्तूचा पुरावा कधी कधी तेवढाच असतो.

१९९२ च्या १६ नोव्हेंबरला सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन निघाले. लोखंड शोधायला गेलेल्या या माणसाला रोमन काळाच्या अखेरची १४,८६५ नाणी, सोन्याचे दागिने आणि चांदीची भांडी सापडली. ठेवा केवढा आहे हे ध्यानात येताच त्यांनी खणणं थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो जागच्या जागी, व्यवस्थित उकरता आला. हातोडाही मिळाला आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये गेला.

चांगला सूर मिळाला तरी लगेच फावडं मारायचं नसतं. वाकडा, गंजका खिळाही कधी कधी चांदीच्या सुरात हाक देतो. कॉइल आडवी फिरवून झाली की त्याच जागेभोवती पाव फेरी घ्यायची आणि काटकोनातून पुन्हा फिरवायची. खिळा असेल तर आवाज बहुधा फाटतो, जागा सोडतो किंवा खाली घसरतो. गोल नाणं सपाट पडलेलं असेल तर दोन्ही दिशांनी तेच बोलतं. पण ते कडेवर उभं असेल तर आवाज दुबळा आणि तुटका येतो, म्हणून शंका असली तरी माझं मत खणून पाहण्याकडेच झुकतं.